सही करण्याआधी गावात या

प्रति,
राजापूर तालुक्यातल्या गावांची मुंबईतली ग्रामस्थ मंडळे,
आणि आमच्या सातबाऱ्यांवर ज्यांची नावे आहेत ते सगळे चाकरमानी

सप्रेम नमस्कार.

बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आणू घातलेल्या तेलाच्या रिफायनरीविषयी पत्र लिहायचे तर ते सरकारला लिहावे, असे वाडीतल्या काही मंडळींनी मला सुचवले. सरकारला आम्ही कमी लिहिलेले नाही. हरकती दिल्या, ग्रामसभांचे ठराव पाठवले, निवेदनांच्या पोचपावत्या जपून ठेवल्या. पण बारसूच्या सड्याचे काय व्हायचे हे जेवढे मंत्रालयात ठरते तेवढेच ते लालबाग, भांडुप, नालासोपारा आणि डोंबिवलीतल्या तुमच्या घरांत ठरते. जमीन तुमच्या नावावर आहे. संमतीपत्र घेऊन माणूस येतो तो तुमच्या दारात येतो. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी या तालुक्यात सून म्हणून आले आणि सड्याखालच्या वाडीत संसार केला. भात लावते, गुरे सांभाळते, आंब्याच्या दिवसांत पेट्या भरते. सातबाऱ्यावर माझे नाव नाही. आमच्या वाडीतल्या बहुतेक बायकांचे नाही. ज्या सामाईक गटात आमची आंब्याची कलमे आहेत त्याच्या उताऱ्यावर नावांची रांग आहे. त्यातले निम्मे लोक वारले, वारसनोंद झालेली नाही, उरलेले बहुतेक मुंबईला. गावात राहून ती जमीन राखणारे एक-दोन हिस्सेदार. ही काही आमच्या घराची खासियत नव्हे. तुमच्यातल्या प्रत्येकाने आपला उतारा काढून पाहावा, असेच चित्र दिसेल.

आता सरकार संमती कशी मोजते ते पाहा. २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले जात होते की जमीनमालकांची संमतीपत्रे आलेली आहेत, विरोध करणारे थोडेच. मालक म्हणजे ज्याचे नाव उताऱ्यावर. मग इथे राहून विरोध करणारे आम्ही कुठल्या हिशोबात? कुळ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुणबी कुटुंबे, ज्यांच्या नोंदी अजून नीट झालेल्या नाहीत, ती त्यात नाहीत. आम्ही सुनाही त्यात नाही. आणि साखरी नाटे, तुळसुंदे, आंबोळगड, मुसाकाजी इथला मच्छीमार तर मुळीच नाही, कारण समुद्राचा सातबारा निघत नाही. या सगळ्यांना बोलायची एकच जागा आहे, ग्रामसभा. पंचक्रोशीतल्या ग्रामसभांनी रिफायनरीविरोधात ठराव केले. ते ठराव एका बाजूला राहतात आणि मुंबईत घेतलेल्या सह्या मोजल्या जातात. माझे सगळे म्हणणे एवढ्यासाठीच आहे की तुमची सही आमच्या ठरावाच्या विरोधात वापरली जाऊ देऊ नका.

भावोजी, तुम्ही म्हणाल की आमचाही हिस्सा आहे, आम्हाला विचारायचा हक्क आहे. आहेच. कुणी नाकारत नाही. पण सामाईक जमिनीत एका हिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा विकला की घेणारा परका माणूस आमच्या शेजारी हिस्सेदार म्हणून उभा राहतो. तो वाटपाचा दावा लावू शकतो. मग राजापूरच्या कोर्टात खेपा घालायच्या गावात राहणाऱ्याने, वकिलाची फी भरायची त्याने, आणि ज्या कलमांना त्याने पंधरा-पंधरा वर्षे पाणी घातले ती कुणाच्या वाट्याला जातात याची वाट बघत बसायचेही त्यानेच. तुम्हाला मिळालेला चेक एकदाच बँकेत जमा होतो. गावात भांडण मुलाबाळांपर्यंत चालते.

आणि वन्सं, तुम्हालाही सांगते. वडिलांच्या पश्चात तुमच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले गेले असेल, किंवा आता कोणीतरी घ्यायला येईल. तुमचा हिस्सा कायद्याने आहे. तो तुम्ही भावाला सोडा, आम्हाला काही म्हणायचे नाही, पण तो कुठे चाललाय हे विचारून मग सोडा.

थोडा इतिहास सांगते, कारण मुंबईत बसून या गोष्टी विसरायला होतात आणि दर निवडणुकीत नव्याने सांगितल्या जातात. मे २०१७ मध्ये नाणार परिसरातल्या १६ गावांसाठी, त्यातली १४ राजापूर तालुक्यातली आणि गिर्ये व रामेश्वर ही २ देवगड तालुक्यातली, भूसंपादनाची अधिसूचना निघाली. ती निघाली १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि ठराविक प्रकल्पांसाठी बाधितांची संमती या गोष्टी घातल्या आहेत, त्या वाटेने सरकार आले नाही. त्याच वर्षी इंडियन ऑईल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांनी मिळून रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स ही कंपनी काढली. २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबूधाबीची ॲडनॉक भागीदार व्हायला तयार झाल्या. वर्षाला ६ कोटी टन कच्चे तेल शुद्ध करायचे, खर्च सुमारे ३ लाख कोटी रुपये. ६ कोटी टन म्हणजे दिवसाला १ लाख ६४ हजार टनांच्या वर. दहा टनांचा ट्रक धरला तर रोज सोळा हजारांहून जास्त ट्रक भरतील एवढे तेल एका तालुक्याच्या किनाऱ्यावर उतरवायचे, तापवायचे, वेगवेगळे करायचे आणि पुन्हा पाठवायचे.

नाणारची गावे उभी राहिली. तेव्हा तुमच्यातले कितीतरी जण आझाद मैदानात आमच्याबरोबर बसले होते, ते आम्ही विसरलेलो नाही. २०१९ मध्ये लोकसभेच्या तोंडावर शिवसेना-भाजपची युती झाली आणि मार्चमध्ये अधिसूचना रद्द झाली. गावांनी गुलाल उधळला. पुढे सरकार बदलले आणि १२ जानेवारी २०२२ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची सुमारे १३ हजार एकर आणि कच्च्या तेलाच्या टर्मिनलसाठी नाटे गावची २१४४ एकर जागा सुचवली. आम्हाला ते पत्र नंतर बातम्यांतून कळले. मग पुन्हा सरकार बदलले आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाची यंत्रे सड्यावर आली. सत्तेवर आणि विरोधात आलटून पालटून बसलेल्या पक्षांनी ही रिफायनरी कधी आणायला काढली, कधी नको म्हटली. आम्ही मात्र पहिल्या दिवसापासून एकच सांगतो आहोत. तेव्हा गावातल्या माणसाला कुठला तरी पक्ष चढवतो असे जेव्हा टीव्हीवर ऐकाल तेव्हा हा क्रम आठवा.

कागदोपत्री सडा पडीक आहे. उताऱ्यावर कातळाचे क्षेत्र पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागते, त्याला आकार म्हणजे सरकारी सारा नसतो आणि किंमतही जवळजवळ नसते. मुंबईहून गणपतीला आलेला पुतण्यासुद्धा म्हणतो, काकी, त्या कातळावर उगवते काय? त्याला मी पावसात सड्यावर नेले. जूनमध्ये कातळाच्या खळग्यांत पाणी साठते आणि त्यातल्या बोटभर मातीत लोक भात आणि नाचणी करतात. ऑगस्टमध्ये निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांनी सडा भरून जातो. दीपकाडी नावाचे पांढऱ्या फुलांचे एक रोप आहे, ते कोकणातल्या अशा सड्यांखेरीज फारसे कुठे सापडत नाही, असे वनस्पतिशास्त्राचे लोक येऊन सांगतात. गवत वाढले की गुरांची वर्षाची बेगमी तिथेच होते. आणि तुमच्या पोटापाण्याची गोष्ट म्हणजे कलमे. आजोबा-पणजोबांनी कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, खालच्या मळ्यातून डोक्यावर माती वाहून भरली आणि हापूस लावला. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तो हापूस याच पोटखराब कातळात उभा आहे.

पाण्याचे तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. सड्याचा जांभा दगड सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस तो पिऊन घेतो, खाली चिकण मातीच्या थराला अडतो आणि उतारावर झऱ्यांनी बाहेर येतो. आमच्या वाड्या सगळ्या त्या उतारावर का आहेत, विहिरी तिथेच का आहेत, पऱ्ये, म्हणजे ओढे, तिथूनच का वाहतात, याचे उत्तर वरचा सडा आहे. वरचे पाणी बिघडले की खाली सुरक्षित अशी एकही विहीर राहत नाही, आणि पऱ्यांचे पाणी जाते ते सरळ खाडीला. तेलाची गळती, टाक्या धुतलेले पाणी, उघड्यावर साठवलेला कचरा यातले काहीही जांभ्यावर पडले तर ते अडवणारे काही मध्ये नाही. खाडीत शिंपल्यातली कालवे काढणाऱ्या, मुळ्ये गोळा करणाऱ्या बायकांना हे समजायला भूगर्भशास्त्र लागत नाही. खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या खालच्या दाभोळ खाडीत मेलेल्या माशांचे थर लागल्याचे आपण सगळ्यांनी वाचले आहे. त्या खाडीकाठच्या भोयांना विचारा.

आणि सड्यावर कोरलेली चित्रे. लहानपणी तुम्ही त्यांच्यावरून उड्या मारल्या असतील, ‘पांडवांची चित्रे’ म्हणत असाल. दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी आणि मध्ये उभा माणूस असे बारसूचे शिल्प आता जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. कोकणातल्या कातळशिल्पांची ९ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत बारसू आहे आणि शेजारचे देवाचे गोठणेही आहे. गोठण्याच्या शिल्पाजवळ होकायंत्र ठेवले की काटा भरकटतो, हे तुम्हीही पाहिले असेल. ही यादी भारत सरकारनेच युनेस्कोला पाठवलेली. शिल्पांभोवती कुंपण घालू, प्रकल्प बाजूने करू, असे आम्हाला सांगण्यात आले. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने चित्र काढायला हा एवढा उघडा, आभाळाखालचा सडा निवडला. चारी बाजूंनी टाक्या उभ्या केल्यावर ते शिल्प कोणत्या अर्थाने वाचले म्हणायचे?

आता तुमच्या मुंबईकडे येते, कारण रिफायनरी म्हणजे काय हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जवळून पाहिलेले आहे. चेंबूरला, ट्रॉम्बेला, वाशीनाक्याला आपल्या गावची माणसे राहतात. चेंबूरजवळचे, रिफायनऱ्यांना लागून असलेले माहुल तुम्हाला माहीत आहे. २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतची घरे तोडून हजारो कुटुंबांना माहुलच्या इमारतींत पाठवले. केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये त्या भागात केलेल्या पाहणीत दोनतृतीयांश लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत असल्याची तक्रार केली होती. तरीही माणसे तिथे धाडली. शेवटी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की या लोकांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिन्याला १५ हजार रुपये भाडे द्या. ८ ऑगस्ट २०१८ रोजी तिथल्या भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत स्फोट झाला, चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली, आसपासच्या घरांना हादरे बसले. २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने हवेच्या प्रदूषणासाठी माहुल-अंबापाड्यातल्या ४ कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई लावली. त्यांत हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम दोन्ही आहेत. राजापूरला येणाऱ्या कंपनीत याच दोघी भागीदार आहेत. देशाच्या आर्थिक राजधानीत, मंत्र्यांच्या आणि न्यायालयाच्या डोळ्यांसमोर जे सांभाळता आले नाही ते आमच्या सड्यावर सांभाळू, असे म्हणणाऱ्यांना आधी माहुलची हवा स्वच्छ करून दाखवायला सांगा.

आम्हाला सांगितले जाते की ही ग्रीन रिफायनरी असेल. आखाती देशांतून येणाऱ्या बऱ्याच कच्च्या तेलात गंधक जास्त असते. ते काढून टाकावे लागते, ते कुठेतरी जाते. पाणी लागते, आणि आमच्याकडे मार्च-एप्रिलनंतर वाड्यांवर टँकर येतो. म्हणून मग कोयनेचे अवजल, म्हणजे वीजप्रकल्पातून सुटणारे पाणी, लांबून नळाने आणायचे अशी चर्चा. ज्या तालुक्याला प्यायला पाणी पोचवता आलेले नाही त्या तालुक्यात कारखान्यासाठी सह्याद्रीच्या कडेकडेने पाणी येऊ शकते, हे ऐकून माझ्यासारख्या हंड्याने पाणी भरणाऱ्या बाईला राग येतो. येऊ शकत असेल तर आधी आमच्या टाकीत आणा.

समुद्राचेही तेच. नाट्याला टर्मिनल म्हणजे तेलाची मोठी जहाजे, त्यांच्याभोवती मासेमारीला बंदी असलेला पट्टा, आणि गळतीची टांगती भीती. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली तेव्हा तेल किनाऱ्याला लागले, मासेमारी थांबली, बाजारात मासळीला गिऱ्हाईक मिळेना. तुम्हीच तेव्हा गावी फोन करून सांगत होता की मासे खायचे बंद केलेत. साखरी नाट्याच्या माणसाला मासे बंद करून चालणार नाही. त्याला दुसरा धंदा नाही, आणि वर म्हटले तसे, त्याला भरपाई मागायला सातबाराही नाही.

मुलांनी मग करायचे काय, हा तुमचा प्रश्न सगळ्यात खरा आहे आणि त्याला बगल देऊन मी पुढे जाणार नाही. शाळा ओस पडताहेत. दहावी-बारावी झाली की मुलगा राजापूर रोडला गाडीत बसतो. माझाही बसला. तुम्ही स्वतः खानावळीत जेवून, दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहाजण झोपून दिवस काढलेत, तुमच्या मुलांवर ती वेळ येऊ नये असे तुम्हाला वाटते, ते चुकीचे कसे म्हणू? एक लाखाहून अधिक रोजगार असे आकडे ऐकले की कुणालाही वाटेल. पण त्या आकड्याची फोड मागा. बांधकामाची काही वर्षे मजूर लागतील, ते कंत्राटदार आणेल तिथून येतील. कारखाना सुरू झाल्यावर तो चालवतात ते प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि यंत्रे. आपल्या बारावी झालेल्या मुलाला त्यात गेटवरची नोकरी मिळेल, तीही कंत्राटी. त्या बदल्यात आंबा-काजूच्या फवारणीला, काढणीला, पेट्यांना, कॅनिंगला, मासळी उतरवायला आणि सुकवायला आज जे हजारो हात लागतात ते रिकामे होतील. त्या हातांची नोंद कुठल्याच रोजगाराच्या आकड्यात नसते. त्यात नेपाळहून बागा राखायला येणारे लोकही आहेत आणि माझ्यासारख्या बायकाही.

कोकणी माणूस प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतो, असे मुंबईतही तुम्हाला ऐकवले जाते. कोकण रेल्वेला याच माणसाने जमीन दिली. १९९८ मध्ये गाडी सुरू झाली तेव्हा स्टेशनावर नारळ वाढवायला आम्ही होतो. महामार्गाच्या चौपदरीकरणाला घरे, दुकाने, कलमे दिली, आणि वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या त्या कामाची धूळ खाल्ली. काय नको आणि काय हवे हे आम्हाला कळते. तालुक्याला चांगले रुग्णालय हवे. आंब्याला शीतगृह आणि प्रक्रिया उद्योग हवा, बंदरावर बर्फाचा कारखाना आणि धक्का हवा. या मागण्या करून आमचे केस पांढरे झाले, त्यासाठी कुणी सड्यावर पोलिसांच्या तुकड्या घेऊन आले नाही.

आश्वासनांचा आमचा अनुभव काय आहे तेही बघा. गुहागरला एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प आला तेव्हा असेच सांगितले होते. वेलदूरच्या, अंजनवेलच्या कोळी बायकांनी लाठ्या खाल्ल्या, त्यावर आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संघटनांनी अहवाल लिहिले. २००१ मध्ये प्रकल्पही बंद पडला आणि ती अमेरिकन कंपनीही बुडाली. माडबनला जैतापूर अणुप्रकल्पासाठी ९०० हेक्टरांवर जमीन गेली, १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाट्यात गोळीबार होऊन एक मच्छीमार मेला. आज त्या सड्यावर भिंत आहे, अणुभट्टी नाही, आणि भिंतीच्या आतला चारा गुरांना नाही. उलटे उदाहरणही आपल्याच जिल्ह्याचे. १९९३ च्या सुमारास रत्नागिरीत स्टरलाइटचा तांबे वितळवण्याचा कारखाना येत होता. आंबा बागायतदार आणि शहरातले लोक रस्त्यावर आले, काम थांबले, कारखाना तमिळनाडूत तुतुकुडीला गेला. रत्नागिरीकरांना तेव्हाही विकासाचे शत्रू ठरवले होते. तुतुकुडीत प्रदूषणाविरुद्ध लोक झगडत राहिले, २२ आणि २३ मे २०१८ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसे गेली आणि काही दिवसांत तिथल्या सरकारने कारखाना बंद केला. त्या तमिळ गावांचे आपल्यावर ऋण आहे असे मला वाटते, कारण आपण टाळले ते त्यांनी भोगले. म्हणून आमची रिफायनरी दुसऱ्या कुणाच्या गावात न्या, असे मी या पत्रात कुठेही म्हणणार नाही.

पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागांत लाल यादीतले प्रदूषणकारी उद्योग नव्याने आणू नयेत अशी शिफारस केली होती. तेलशुद्धीकरण त्या लाल यादीतच येते. गाडगीळांनी गावोगाव बसून माणसांना विचारले होते, आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय काही ठरवू नका असेही लिहिले होते. तो अहवाल बासनात गेला.

एप्रिल २०२३ मध्ये काय झाले ते तुम्ही मोबाइलवर पाहिलेत. जमावबंदी लागली. २५ तारखेला माती परीक्षण सुरू करायला गाड्या आल्या तेव्हा बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या पडल्या. शंभरहून अधिक आंदोलकांना ताब्यात घेतले, त्यात बहुतेक बायका होत्या. २८ तारखेला अश्रुधूर सोडला गेला. साठी-सत्तरीच्या म्हाताऱ्या, ज्या कधी पोलीस ठाण्याच्या पायरीवर गेल्या नव्हत्या, त्यांना उचलून गाडीत घातले. तुमच्यातले किती जण आपली आई किंवा चुलती त्या व्हिडिओत शोधत होते? त्या बायकांपैकी फार थोड्यांच्या नावावर जमीन आहे. जमिनीचे पैसे त्यांना मिळणार नव्हते आणि तरी त्या तिथे पडल्या होत्या.

त्याआधी, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, पत्रकार शशिकांत वारिसे यांना राजापूरजवळ महामार्गावर गाडीखाली चिरडले. दुसऱ्या दिवशी ते गेले. रिफायनरी आणि तिच्या भोवतीचे जमिनीचे व्यवहार यांविषयी ते लिहीत होते, त्याच सकाळी त्यांची बातमी छापून आली होती. आरोपीला अटक झाली, प्रकरण न्यायालयात आहे, निकालाविषयी मी बोलणार नाही. पण जमिनीचा भाव वाढतो तेव्हा गावात काय येते ते आम्ही पाहिले आहे. नाणारपासून आजवर कितीतरी परक्या नावांनी इथले कातळ विकत घेतले. ज्यांना अधिसूचनेआधीच कळले होते ते एकराने घेत होते आणि आपली माणसे गुंठ्याच्या भावाने खूश होत होती. तुमच्यातल्या ज्यांनी तेव्हा विकले त्यांना मी दोष देत नाही. मुलीचे लग्न, आजारपण, मुंबईतल्या खोलीचे हप्ते, कारणे असतात. पण यापुढे कळत असून विकू नका.

तर मागणे हे आहे. कुणीही, अगदी नात्यातला माणूस आला तरी, संमतीपत्र, कुलमुखत्यारपत्र किंवा साठेखत यांवर गावाला न विचारता सही करू नका. कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. सही आधीच दिली असेल तर ती मागे घेत असल्याचे लेखी कळवा आणि त्याची प्रत आम्हाला पाठवा, घाबरू नका, कुणी तुम्हाला वाळीत टाकणार नाही. मेलेल्यांच्या जागी वारसनोंदी करून घ्या, त्यासाठी तलाठ्याकडे जायला गावातली मुले तुमच्याबरोबर येतील. नोंदी करताना बहिणींची नावे लावा. आईचे नाव लावा.

आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना विशेष विनंती. गणपतीच्या आणि शिमग्याच्या गाड्यांचे नियोजन करायला, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी काढायला तुम्ही बैठका घेता. तशी एक बैठक फक्त या विषयावर घ्या आणि मंडळाचा ठराव करा की ग्रामसभा जे ठरवील त्याच्या पलीकडे मंडळाचा कुठलाही सभासद जमिनीला संमती देणार नाही. ठरावावर सभासदांच्या सह्या घ्या आणि तो जिल्हाधिकाऱ्यांना आणि उद्योग विभागाला पाठवा. त्याबरोबर हेही विचारा की बारसूची रिफायनरी रद्द झाली आहे की नाही, याचे एका ओळीचे लेखी उत्तर द्या. आम्ही विचारले की आंदोलक म्हणून आमची बोळवण होते. जमीनमालक म्हणून तुम्ही विचारलेत तर त्यांना उत्तर द्यावे लागेल.

रिफायनरी हवी असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनीही या. १ मेच्या ग्रामसभेच्या दिवसांत तुम्ही आंब्यांसाठी येताच. मतदारयादीत नाव नसल्याने मत देता येणार नाही, पण बसा, बोला, आम्हाला समोरासमोर सांगा. आम्ही ऐकून घेऊ. आमचेही ऐका. तुमच्या हिश्श्याचा बांध कुठे आहे हे विसरला असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः दाखवीन, सड्यावरही नेईन. उन्हाच्या आधी निघावे लागेल, तेव्हा आदल्या रात्रीच वस्तीला या.

मंडळाच्या बैठकीची तारीख ठरली की सरपंचांना कळवा. गावातून चार-पाच बायका आणि नाट्याचे दोन मच्छीमार बैठकीला येतील. त्यांची उतरायची सोय तेवढी करावी.

आपली,
सड्याखालच्या वाडीतली एक सून
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी